रात्रपाळी

ऑस्ट्रावात, आठव्या मजल्यावर,
स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून
तीनशे साठ लिटर पाणी उभं आहे.
तळाशी वाळू, चार बोटं जाड.
ल्युबोरनं ती माझ्या पिठाच्या चाळणीतून चाळली होती.
"खडा नको. तिचं अंग सोलवटतं."
माझ्या हातांची एवढी चौकशी त्यानं कधी केली नाही.
ते असो.

वाम आहे ती. काटेरी.
पाठीवर काट्यांची रांग, मिटून ठेवलेली;
तपकिरी अंगावर लाल रेघा,
राख झटकल्यावर दिसतो तसला विस्तव.
मेकाँगच्या कुठल्याशा गाळातून
पिशवीभर पाण्यात, विमानानं आली
तेव्हा पेन्सिलीएवढी होती.
आता माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरते.
तिला नाव नाही. ल्युबोर नुसतं "ती" म्हणतो.
मित्रांशी बोलताना मलाही "ती"च म्हणतो,
त्यामुळे कधीकधी घोटाळा होतो :
"ती हल्ली काही खात नाही."

एकतीस वर्षं तो पिंजऱ्यात बसून
खाली जात राहिला, नऊशे मीटर.
खाणीच्या दाराशी पितळी बिल्ल्यांची फळी होती.
खिळा मोकळा, म्हणजे माणूस खाली.
एकदा त्याचा खिळा अठरा तास मोकळा होता.

मार्चात त्याला दवाखान्यात ठेवलं. फुप्फुसं.
फ्रिजवर पेन्सिलीनं लिहिलेला कागद राहिला :

दहाला पांढरा दिवा बंद, लाल चालू.
गांडुळं धुऊन. दोन.
झाकणावरची वीट हलवायची नाही.
मीठ नाही, औषध नाही, काही झालं तरी.
आणि खाली, दोनदा अधोरेखित :
वाळू उकरू नकोस.

चौथ्या दिवशी ती दिसेनाशी झाली.
वीट जागेवर होती, पण नळीपाशी फट होती,
आणि बोट शिरेल तिथून वाम जाते.
मी टॉर्च घेऊन फ्रिजखाली आडवी झाले,
कपाट ओढलं, सतरंजी झटकली.
पहिली वाम, फार वर्षांपूर्वीची,
बुटांच्या मांडणीमागे सापडली होती,
वाळलेल्या पट्ट्यासारखी.
रादिमनं तिला आपला पट्टा समजून उचललं होतं.

संध्याकाळी फोन.
"खाल्लं?"
"खाल्लं."
"किती?"
"दोन."
ती दोन मी रोज
खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत सोडत होते.

नवव्या रात्री मी लाकडी उलथनं घेतलं.
बाही वर केली.
पाण्यावर हात धरला, आणि तसाच धरून राहिले.
त्या अठरा तासांत, दाराशी,
आम्ही सगळ्या बायका अशाच उभ्या होतो,
हात रिकामे, कुणी फावडं देईना.
तेव्हा मला वाटलं होतं
नखांनी उकरेन.
उलथनं ओट्यावर ठेवलं.
स्टूल ओढलं. लाल उजेडात
ल्युबोर नेहमी बसतो तसं, गुडघ्यांवर कोपरं.

फिल्टरची घुरघुर. खाली शेवटची ट्राम.
दोन वाजून गेल्यावर कधीतरी
वाळूचा एक कण हलला.
मग त्याच्या शेजारचा.
मग सोंडेसारखं नाकाडं, चिमटीएवढं,
इकडेतिकडे वास घेत,
आणि दोन डोळे, इतके बारीक
की माझ्याकडेच बघत होते असं म्हणवत नाही.
मी गांडूळ धरलं. मला गांडुळाची किळस येते.
तिनं ते शेवयीसारखं ओढलं,
माझं बोट चाचपलं,
आणि मागच्या मागे वाळूत गेली.
खळगा आपोआप बुजला.

सकाळी फोन.
"खाल्लं?"
"खाल्लं."
तो थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला,
त्याचा श्वास ऐकू येतो हल्ली, खवल्यासारखा.
म्हणाला, "आज आवाज वेगळा येतोय तुझा."
मी म्हटलं, लाइन खराब असेल.

जिरेनियम मात्र
या वर्षी फारच माजलंय.