ओठ वाचणारे

आमच्या कारखान्यात कान कुणी वापरत नाही.
चोवीस माग एकदम सुरू असले की
माणूस माणसाचे ओठ वाचतो.
'कांडी संपली' म्हणताना शेवटी ओठ किंचित ताणतात,
'चहा' म्हणताना जबडा मोकळा पडतो,
शिवी तर पार त्या टोकावरून वाचता येते.
एकोणीस वर्षं मी आणि मल्लेशम गुंडला
समोरासमोरच्या मागांवर असेच बोलत आलो.
त्याचा खरा आवाज मला
फक्त गेटबाहेर, टपरीवर भेटायचा.

सोमवारी म्हणाला, घसा धरलाय.
धरू दे. इथं कापसाची भुकटी खाऊन
कुणाचा घसा मोकळा राहिलाय?
मेडिकलवाल्यानं तीन रंगांच्या गोळ्या पुडीत दिल्या,
अनसूयानं विड्या वळता वळता
हळदमिठाचं पाणी उकळलं.
मंगळवार. बुधवार.
ताप उतरेना, आणि आता कान दुखतोय म्हणे,
एकच, डावा.
मी हसलो, घशाचं कानात कसं जाईल बे?
आत सगळं एकाच ताण्यावर असतं
हे मला कुठं ठाऊक.

गुरुवारी रात्रपाळी.
त्याचा धागा तुटला, माग थांबला,
माझ्याकडं बघून तो काहीतरी म्हणाला.
मला वाचता येईना.
पुन्हा म्हणाला.
ओठ हलत होते, दात उघडत नव्हते,
मधे करंगळी जेमतेम जाईल एवढीच फट.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
त्याचा चेहरा मला कोरा दिसला.

मी माझा माग बंद केला.
(टॉवेलमागं पैसे मिळतात आम्हाला. समजून घ्या.)
जवळ गेलो. मान एका अंगाला कललेली,
खांद्यावरचा टॉवेल लाळेनं जड.
स्वतःची थुंकी गिळता येत नव्हती त्याला.

बाहेर बोळात आणलं, तेव्हा ऐकला आवाज:
चुलीवरच्या भाकरीचा तुकडा तोंडात धरलाय,
चटका बसतोय आणि टाकताही येत नाही, असा.
'सकाळी बघू,' म्हणत असावा.
त्या दोन शब्दांच्या मधल्या शांततेत
श्वास आत जाताना वाजला.
बारीक शीळ.
वंगण संपलेलं बेअरिंग असं वाजतं.
असं वाजलं की जॉबर आधी मेन स्विच पाडतो,
कारण नंतर विचारतो.

रिक्षा. अशोक चौकात एकही दुकान उघडं नव्हतं.
आडवा हो म्हटलं तर त्यानं माझा हात झिडकारला,
पुढं वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसून राहिला.
फोनवर अनसूया आधी तेलुगूत रडली, मग मराठीत सांगितलं:
दुपारपासून पाणीसुद्धा नाकातून परत येतंय.
दुपारपासून.

सिव्हिलमधली डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची.
त्याचा श्वास ऐकला आणि केसपेपर बाजूला सारला.
ऑक्सिजन, सुई, सिनियरला हाक.
मग बॅटरीच्या उजेडात, त्या फटीतून:
'डाव्या टॉन्सिलमागं पू साठलाय,
पडजीभ बघा कुठं ढकललीय.'
ट्रेमध्ये जे आलं ते मी बघितलं नाही.
वास आला.

'किती दिवस झाले?'
मी सवयीनं नुसते ओठ हलवले, चार बोटं दाखवली.
'तुम्ही बोला की, तुमचा घसा बरा आहे ना?'
मी बोललो. चार.
ती रागावली नाही, तेच जास्त लागलं.
हात धुता धुता म्हणाली,
'नुसता दुखला तर उद्या या, चालेल.
तोंड उघडेना, लाळ गिळवेना,
त्या दिवशी उद्या म्हणायचं नाही.
आणि श्वास वाजला तर चप्पलसुद्धा शोधायची नाही.'
मी खाली बघितलं.
माझ्या एकाच पायात चप्पल होती.

तीन आठवड्यांनी मल्लेशम मागावर आला.
दहा वाजता समोरून म्हणाला, 'चहा.'
जबडा मोकळा पडला, पूर्ण.
मी बघतच राहिलो, जरा जास्तच वेळ.
'काय बे, दात मोजायलास का?'
आणि वर एक शिवी.
पार त्या टोकावरच्या पोरानंही वाचली.