पंचवीस टक्के

रात्री दोनला वडिलांच्या हातात फोन उजळायचा
आणि रस्त्यापलीकडे, चौदा पावलांवर,
लुडविक झुपानच्या खिडकीत दुसरा उजेड.
मधे उत्तर मिनेसोटातला जानेवारी,
बर्फ ढकलून कडेला लावलेले ढीग.
हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती.
पण हाकेला आकडे जोडता येत नाहीत.

आयातशुल्क. किमान वेतन. कुणी कुणाचं खाल्लं.
परदेशी पोलाद आपल्या खाणीच्या उरावर बसलंय,
की खाण आपल्याच वजनानं खचतेय.
वडील एका बोटानं टाइप करायचे,
चष्मा कपाळावर, स्वल्पविराम कधीच नाही.
ब्याऐंशी साली तुझ्या पक्षानं काय केलं ते सांग.
तू आधी तुझ्या पक्षानं काय नाही केलं ते सांग.
आई उशीवरून म्हणायची,
ह्या दोघांना देश चालवायला दिला
तर माझ्या दारातला बर्फ कोण काढणार?

दोघांनी एकाच पाळीत खनिजाचे ट्रक हाकले होते,
एकाच मंगळवारी घरी बसले होते,
भिंतीवर डकवलेल्या एकाच कागदात दोघांची नावं.
वडिलांनी कर्ज काढून टायरचं दुकान टाकलं.
लुडविक युनियनचा खजिनदार झाला.
त्या एका कागदावरून एकाला कळलं, सरकार नको,
दुसऱ्याला कळलं, सरकार कमी पडलं.

शाळेच्या करावरून एकदा हमरीतुमरी झाली
ती अख्खा हिवाळा अबोल्यावर गेली.
त्या हिवाळ्यात दर गुरुवारी पहाटे
कुणीतरी आमच्या दारातला बर्फ काढून जायचं.
नगरपालिका असेल, वडील म्हणायचे.
नगरपालिकेवर त्यांनी ठेवलेला
तेवढा एकच विश्वास.

मी शहरात राहते.
मीही भांडले, रात्र रात्र, मुद्देसूद,
तीन माणसं कायमची तोडली.
त्यातल्या एकाचाही आवाज मला माहीत नाही.

नोव्हेंबरात वडिलांच्या डोक्यात एक शीर फुटली.
उजवा हात गेला, शब्द गेले.
उरला फक्त ‘हो’.
अडुसष्ट वर्षं फारसा न वापरलेला,
जवळजवळ कोरा.
पाणी हवंय? हो. नको का? हो.

लुडविक आला, बूट दारात काढून,
खुर्ची पलंगाला लावून बसला.
घसा खाकरून म्हणाला,
शुल्क लावायलाच हवं होतं, आर्विद.
हो, वडील म्हणाले.
लुडविक गप्प झाला.
टोपी हातात फिरवत राहिला बराच वेळ.
मी कॉफी आणली, ती तशीच निवली.
जिंकणं हे असं असेल
असं त्याला वाटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी तो वडिलांच्या बाजूनं बोलू लागला.
टायर महाग, म्हणून ट्रकचं भाडं महाग,
म्हणून दूध, म्हणून पाव,
आणि शेवटी भरतं कोण?
ज्याच्या खिशाला आधीच भोक आहे तो.
वडिलांनी स्वतः कधी इतकं नीट मांडलं नव्हतं.
मग खुर्ची जरा मागे सारून
स्वतःच्या आवाजात तो स्वतःलाच उत्तर द्यायचा,
तावातावानं, मांडीवर थाप मारून,
खिडकीच्या काचेवर वाफ धरेपर्यंत.

नाताळच्या आधी एकदा तो आकड्यात चुकला.
तुझ्या दुकानात टायर वीस टक्क्यांनी चढले, म्हणाला.
मुद्दाम? मी विचारलं नाही.
हो हो हो, वडील म्हणाले,
मान मात्र जोरात आडवी हलवत.
डावा हात पांघरुणातून बाहेर आला.
पाच बोटं. मूठ.
पाच बोटं. मूठ.
पाचव्या वेळी हात थरथरायला लागला,
तरी बोटं पूर्ण उघडूनच थांबली.

लुडविकनं खिशातून पेन्सिल काढली,
औषधाच्या बिलामागे लिहून घेतलं.
पंचवीस. बरं, पंचवीस तर पंचवीस.
पण तरीही तू चुकतोयस, आर्विद.

वडिलांनी चादर पायानं बाजूला लोटली
आणि मला खूण केली, उशी उंच कर.