झांज

नाना बहिरे होत चालले होते
ते घरात कुणालाच कळलं नाही,
कारण मागच्या पत्र्याखाली दोन माग चालायचे
आणि आम्ही सगळेच ओरडून बोलायचो.
मीठ दे, हेसुद्धा भांडल्यासारखं.

कॅसेट आली ती टॉवेलांच्या गठ्ठ्यातून.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात परत आलेला माल,
डाग पडला म्हणून नाकारलेला,
बेल्जियमहून की कुठून,
त्यात कुणाची तरी राहून गेलेली.
लेबल खरवडलेलं. निळ्या पेनानं नुसतं 'बी'.

आई म्हणाली, ह्यात ना देव ना बाई, काय ऐकायचं?
"थांब की गं," नाना म्हणाले,
"ड्रमवाला बघ.
जॉबर चांगलाय ह्यांचा,
एकदा पण माग अडकला नाही."

मी सातवीत. इंग्रजी मला येत नव्हतं,
नानांना तर मराठीसुद्धा
तेलुगूला वळसा घालून यायची.
म्हणून गाण्यांना नावं आम्हीच ठेवली.
पहिलं 'बॉबिन संपली'.
दुसरं 'गड्ड्यातला पाळणा', पोटात गोळा यायचा म्हणून.
आणि सावकाश सुरू होऊन शेवटी किंचाळत सुटणारं ते
'साडेसहाची लाईट'.

लाईट गेली की माग गप्प, गल्ली गप्प,
कानात शिट्टी वाजावी अशी शांतता.
मग टेपात चार सेल,
आणि नाना उंबऱ्यावर, पाय खाली सोडून,
डाव्या पावलानं नसलेला पावडा दाबत.
शेजारचे चिलवेरी विचारायचे, काय नरसय्या, कुणाशी भांडण?
आम्ही दोघं हसायचो. कडक भाकरी मोडायचो ठेक्यावर.

एका मे महिन्यात टेपनं पट्टी खाल्ली.
तुटलेलं सूत जोडणारी बोटं ती;
दाढीच्या ब्लेडनं चुरगळलेला तुकडा कापला,
चिकटपट्टी लावली.
तेव्हापासून 'साडेसहाच्या लाईटी'त
तो गडी श्वास घ्यायचा
आणि एकदम पुढच्याच ओळीत उगवायचा.
आम्हीही तसंच म्हणायचो.

पुण्याला हॉस्टेलच्या मेसमध्ये
कुणाच्यातरी मोबाईलवर ते लागलं.
मी चमच्यासकट थांबले.
तिथं एक सबंध ओळ होती.
इतकी वर्षं ती टॉवेलच्या धाग्यांसोबत
आमच्याच केरात गेलेली.
त्या रात्री नानांना फोन केला,
बँडचं खरं नाव सांगितलं.
त्यांनी दोनदा "काय?" म्हटलं, मग "बरं, जेवलीस का."
मला वाटलं, आवडलं नाही.

सिव्हिलमधल्या तपासणीच्या कागदावर
रेघ डावीकडून बरी चालत येते
आणि मग विहिरीत पडते.
डॉक्टर म्हणाली, चिमण्या, शिट्ट्या, लेकरांचं बोलणं,
हे सगळं गेलंय. मी विचारलं, झांज?
ड्रमबरोबरची?
ती केव्हाच, म्हणाली.
मी ते नानांच्या कानाशी ओरडून सांगितलं.
नाना हसायला लागले. "तरीच की!
मला वाटलं, म्हातारा झाला ड्रमवाला,
वाजवायची सोडली त्यानं."

माग आता नाहीत. किलोवर गेले.
पत्र्याखाली भावाची गाडी असते, पाण्याची टाकी असते,
जमिनीत चार बोल्टांची भोकं आहेत
ती बुजवू दिली नाहीत त्यांनी.
सुट्टीला आले की संध्याकाळी मी फोन स्पीकरला जोडते.
त्यांचा एक तळवा स्पीकरवर,
दुसरं मनगट माझ्याकडं.
नखानं टिचकी मारत जाते मी:
आता वाजली, आता, आता दोनदा.
मान हलते त्यांची. कधी कधी म्हणतात,
हं, चुकलीस.

जोडाच्या जागी
ते अजून एक ओळ आधीच पुढं जातात,
मोठ्यानं, डोळे मिटून.
मीही जाते.
फोनमधला गडी येईल मागनं.