कार्डातली खिडकी

नंदानगरच्या शेवटच्या गल्लीत, तिसऱ्या दिवशी,
चपला बाहेर काढून मी आत जाते.
भिंतीला हळदीचा रंग. बाळासाठी नुकताच दिलेला.
पडदाही तसाच.
या खोलीत माझे हातसुद्धा आजारी दिसतात.

"सोन्यासारखी निघाली हो," सासूबाई म्हणतात.
केतकी म्हणते, पितापिताच झोपते. उठवावं लागतं.
मी लिहून घेते,
त्याला रकाना आहे.

शेजारीण दारातून: पीलिया है क्या, दीदी?
आम्ही कावीळ म्हणतो. अर्जावर तिसरंच काही छापलंय.
पोरीला अजून एकही नाव नाही.

शिरीष पहिला फोटो दाखवतो:
गाल गुलाबी, कपाळ दुधासारखं.
तुमच्या फोनला, मी म्हणते,
सगळ्यांना सुंदर करायची खोड आहे.
आधी ती बंद करू.

मग दुपट्यासकट जिन्यात,
जिथे ऊन नाही, पण उजेड आहे,
कुणाचीच बाजू न घेणारा.

अंगठ्यानं छातीवर हलकेच दाबते, सोडते.
हे फोन यायच्या आधीचं.
मग कार्ड: पांढरा, राखाडी, काळा,
पिवळ्याच्या उतरत्या पायऱ्या,
आणि मधोमध कापलेली खिडकी.
तिच्यातून रुपयाएवढं अंग
वरखाली होत राहतं.
श्वास मी धरायचा. तिला कोण सांगणार.

दोन फोटो हलले. तिसरा गेला.
चाक फिरतंय.
जिन्यात आम्ही चौघं त्या काचेकडे डोळे लावून,
बाळाकडे कुणीच नाही.

आकडा येतो, खाली लाल पट्टी.
"मशीन चुकत असेल," सासूबाई.
असेल की. म्हणूनच रक्त तपासायचं.
आज. अंधार पडायच्या आत.
त्या उघड्या दारातून भिंतीकडे बघतात,
जणू रंग तिथूनच लागला.
केतकीनं तोवर पायात चपला घातल्यासुद्धा.

रात्री माझ्या फोनमध्ये एकेचाळीस छात्या.
चेहरे घ्यायचे नाहीत, असा नियम आहे.
कुणाचा काळा दोरा,
कुणाची तीट गळ्यावरून ओघळलेली,
नंदानगरच्या छातीवर दुधाचा एक वाळका थेंब.

शिरीषचा मेसेज: निळ्या दिव्याखाली ठेवलंय.
डोळ्यांवर पट्टी आहे.
सगळी निळी दिसते. फोटो काढू का?

काढा, मी लिहिते.
येईल तसा.