चटई क्षेत्र

सरकारी कागदात त्याला कार्पेट एरिया म्हणतात.
मराठीत चटई क्षेत्र.
इंदूरच्या आमच्या ऑफिसात हा शब्द
माझ्याशिवाय कुणाला लागत नाही,
पण टेप उलगडताना मी तोच मनात धरतो.
गालिच्याला आधी घर लागतं.
चटई अंथरली की तिथंच घर.

भिंतीच्या आतून भिंतीच्या आतपर्यंत.
बाहेरची भिंत धरायची नाही, गॅलरी नाही,
मधली पडदी तेवढी धरायची.
तिसाच्या आत बसलं तर गरिबाचं घर
आणि बिल्डरला नफ्यावरचा कर माफ.
तीस पूर्णांक एक झालं
की दोघंही नापास.

सांवेर रोडच्या पुढे, बी ब्लॉक, चौथा मजला.
लिफ्टचं भोक आहे, लिफ्ट नाही.
सोबत बिल्डरचा मॅनेजर पागनीस,
माझ्याच शाळेतला, दोन वर्गांनी मागे.
"काय करून राहिले साहेब, बसा ना, पंखा लावतो."

चारशे तीन: एकोणतीस पूर्णांक आठ.
चारशे चार: एकोणतीस पूर्णांक आठ.
जुळी. एकीची मोरी डावीकडे,
दुसरीची उजवीकडे.
मी परत चारशे तीनमध्ये आलो
कारण कपाट मोजायचं राहिलं होतं.

भिंतभर कपाट, सागवानी लॅमिनेट.
"लोकांना आवडतं हो, सामान मावतं."
टेपचं टोक आत सोडलं.
दीड फुटावर थांबायला हवं होतं.
ते जात राहिलं,
एक मीटर, दोन, साडेतीन,
आणि पलीकडे कुठेतरी
ठण्णदिशी वाजलं.

फळी सरकवली, वाकून आत गेलो
आणि ताठ झालो तो चारशे चारमध्ये,
उजव्या मोरीसमोर.
तिथं विजेचा मीटर नव्हता.
दोन्ही घरांत मिळून एकच.
फॉर्मवर नावं मात्र दोन:
यशोदा केवट आणि अनारबाई केवट,
कुण्या शेठच्या ड्रायव्हरची बायको
आणि त्याच ड्रायव्हरची आई.

"कागदावर दोनच आहेत ना, साहेब?"
पागनीसचं खोटं नव्हतं.
मग हळूच म्हणाला,
"तुम्ही लिहाल. माफी रद्द होईल.
शेठ काम थांबवेल.
खाली ए ब्लॉकमध्ये बासष्ट जण
हप्ते भरून बसलेत, खरेखुरे.
त्यांना काय, कपाट दाखवायचं?"

शेरा लिहायला दोन ओळी असतात.
पावसाळी बूट काढून मी जिन्यात बसलो,
कारण पाय दुखत होते, दुसरं काही नाही.

प्रतीक्षा यादीत एकेचाळीसावी कौसल्या बोरासी,
धंदा पापड लाटण्याचा.
दर मंगळवारी येते. "साब, म्हारो नंबर?"
मागे एकदा परकराची नाडी घेऊन आली,
दोन गाठी मारलेली.
ही तिच्या खोलीची लांबी.
दुसऱ्या टोकाला आणखी एक गाठ, ती रुंदी.
एवढ्यात चार माणसं आणि पापडाची घडवंची.
"तुमच्या घरात हे सगळं मावेल का,
ते सांगा, बाकी मला समजत नाही."
मी मोजून पाहिली होती. सव्वासात.
नाडी ड्रॉवरमध्येच राहिली,
ती विसरली की तिनं ठेवली, ठाऊक नाही.

जिन्यातच लिहिलं.
पहिल्या ओळीत बेरीज:
एकोणसाठ पूर्णांक सहा. एक घर.
दुसऱ्या ओळीत: ए ब्लॉकची पाहणी वेगळी व्हावी,
त्यांची माफी यात ओढू नये.
असा नियम आहे का, मला माहीत नाही.
नसला तर वर कुणीतरी
लाल शाईनं तसं लिहील.

तिसऱ्या आठवड्यात नोटीस निघाली,
चौथ्यात तिला स्थगिती.
पागनीसनं लग्नपत्रिका पाठवली, मुलीची,
वर माझं नाव, पदासकट.

आज मंगळवार.
जिन्यात चपलांचा आवाज.
नाडी मी टेबलावर काढून ठेवली आहे
आणि तिला सांगायला
एवढा एक आकडा,
दशांश चिन्हासकट.