घाटीगावचा माळ

पहाटे पाचला ग्वाल्हेर सोडलं.
मागच्या सीटवर शितोळे सर, दुर्बीण मांडीवर,
वाटेत एकदाच बोलले:
चहा नको, ऊन चढेल.

लाल दगडाच्या घळी, मग नुसता माळ.
गवत गुडघ्याएवढं, कुसळं मोज्यांत.
चंडोल वर जाऊन दगडासारखा खाली आला.
धाविक दिसले. चार.
वहीत चार लिहिले.

सोनचिरैया? रामसनेही म्हणाला,
माझ्या बापानं पाहिलेली.
तिच्यापायी जमीन विकता येईना,
शिव्या घालतच गेला म्हातारा.

सर हसले नाहीत.
'माळढोक' एवढं सावकाश लिहिलं,
पुढची जागा कोरी ठेवली.
शून्यसुद्धा नाही.

परतताना मोज्यांतली कुसळं
एकेक उपटून
खिडकीबाहेर टाकत होते,
माळ संपायच्या आत.