हाराला जागा

करी रोडच्या पुलापासून नाक्यापर्यंत
अकरा स्टुडिओ, माझा बारावा.
पाट्यांवर तेच ते: कॅन्डिड, प्री-वेडिंग, ड्रोन.
समोरचा हेमल तर
बारशाच्या आल्बमवर कॉफीचा मग फुकट देतो.

"तुमच्यात वेगळं काय?" फोनवर विचारतात.
मी लेन्सचा आकडा सांगते.
ते भाव विचारतात. मग
"कळवतो."

एका मंगळवारी रेडकर मावशी आल्या,
जिना चढून, गुडघा दाबत.
जांभळी इरकल, नथ रुमालात बांधलेली.
"भिंतीवरचा काढ गं," म्हणाल्या,
"नाहीतर सून मोबाइलमधला कुठलातरी लावेल,
हळदीतला, तोंडात जिलबी.
आणि हो,
हाराला जागा सोड."

पहिला आला तो ताठ, आधार कार्डासारखा.
"ही कोणाची सासू?" म्हणून त्यांनी परत सरकवला,
आणि स्वतःच खुदकन हसल्या.
तेवढ्यात मी बटण दाबलं.
नथ जराशी वाकडी,
डोक्यावर चार बोटं मोकळी भिंत.

तीनशे रुपये दिले, दहादहाच्या नोटांत.
पुढच्या आठवड्यात त्यांच्या भजनी मंडळातल्या सातजणी,
एक तर लिपस्टिक लावून.
हेमल दारात उभा राहून मोजत होता.

पाटीवर काय लिहू याचं?
काही लिहिलं नाही.

फक्त आता सवयच लागलीय,
लग्नाच्या फोटोंतसुद्धा
चार बोटं सुटतात.
नवरी विचारते, वर एवढं रिकामं का?
मी म्हणते,
छपाईत कापलं जातं.